गोदूबाई आणि हैबतरावांचा बंधारा

कोंडखारची गोदूबाई माणसांशी बोलायची ती बहुधा त्यांच्याकडे न बघता. टोपलीतले मासे निवडत, जाळ्याचं भोक सांधत, नाहीतर चुलीतला जाळ सारखा करत. नव्या माणसाला वाटायचं, बाई कामात आहे. जुन्यांना माहीत होतं, की समोरचा माणूस मान वर करून बघण्याच्या लायकीचा आहे असं तिला सहसा वाटत नसे. तिच्या या तोऱ्याला गाव नावं ठेवी. पण त्या गावाने काय काय करून ठेवलं होतं ते पाहिलं, तर तिचं फार चुकत होतं असं म्हणवत नाही.

कोंडखार हे रोह्याच्या खाडीकाठचं गाव. वरच्या अंगाला डोंगर, खालच्या अंगाला खार जमिनी आणि मिठागरं, आणि मधून वेळकी. वेळकीला नदी म्हणायचं ते मायेपोटी. डोंगरातून निघून खाडीला मिळेपर्यंत तिची सगळी वाट माणूस जेवणाआधी चालून संपवील. पण आषाढात याच नदीतून चिवण्या खाडी सोडून वर चढायच्या, पोटातल्या अंड्यांच्या गाभोळीने फुगलेल्या, आणि भातशेतांच्या उथळ पाण्यात अंडी घालायच्या. खालच्या आळीचं निम्मं पोट या माशांवर चाले. गोदूबाई लहानपणी आईबरोबर त्याच पाण्यात उभी राहून मासे धरायला शिकली. पुढे पेणकडच्या एका मिठागरावरच्या घरी दिली, नवरा लवकर गेला, आणि ती टोपली आणि जाळं घेऊन माहेरी परत आली. भावाच्या घरात राहिली नाही. खालच्या आळीत तिने स्वतःचं खोपट घातलं.

हा भाऊ, तिच्याहून धाकटा, जन्माला हैबत म्हणून आला आणि तिशीपर्यंत हैबत्याच राहिला. त्याचा हैबतराव झाला तो बंधाऱ्यामुळे. बहात्तरच्या दुष्काळात जिकडेतिकडे दुष्काळी कामं निघाली. कोंडखारात दुष्काळ नव्हता. त्या साली तिथे नेहमीसारखा पाऊस पडून शेतं पिकली होती. पण हैबत्या तेव्हा नुकताच सरपंच झालेला, आणि लोकांच्या गावांना कामं मिळतात, आपल्याला नाही, ही गोष्ट त्याला फार लागली. त्याने रोह्याला खेटे घातले, पेणला खेटे घातले, पुढाऱ्यांच्या ओट्यावर दिवसचे दिवस बसून काढले, आणि शेवटी वेळकीवर, गावाच्या डोक्यावर, दगडी बंधारा आणून दाखवला. पाणी अडवून काय करायचं हे कोणी विचारलं नाही. बंधाऱ्याच्या माथ्यावर पाटी बसली, पाटीवर त्याचं नाव आलं, आणि नावापुढे राव लागला. काम तिथेच पुरं झालं.

पहिले दोन हिवाळे हैबतरावांनी त्या पाण्यावर स्वतःच्या शेतात वाल आणि काकडी केली. मग डोंगरातली माती साचत गेली आणि बंधारा काठोकाठ भरला, तो गाळाने. त्यावर लव्हाळी उगवली, म्हशी बसायला लागल्या. खाली नदी दिवाळीतच आटायला लागली, आणि वरून गोडं पाणी येईना म्हणून खाडीची भरती बिनदिक्कत वर चढून खालच्या आळीच्या विहिरींत शिरली. बायका हंडे घेऊन वरच्या आळीला जाऊ लागल्या. वरच्या आळीतली चांगली विहीर हैबतरावांची होती, त्यामुळे त्यांचा मान आणखी वाढला.

पुढे गावात एसटी आली. खांब गावाकडून येणारा रस्ता वेळकी ओलांडून गावात शिरतो, तिथे बांधकाम खात्याने मोरी घातली. मोरी म्हणजे मातीच्या भरावात पुरलेले सिमेंटचे दोन नळ. नळ इतके वर बसवले होते, की खालच्या बाजूला त्यांची तोंडं पात्रापासून हातभर अधांतरी राहिली. आषाढात चिवण्या यायच्या, नळातून पडणाऱ्या पाण्यावर उड्या मारायच्या, आणि खालच्या दगडांवर आपटून पडायच्या. गावाला हे फारच सोयीचं वाटलं. जाळं टाकायला नको, पाण्यात उतरायला नको, फक्त टोपली धरून बसायचं. लोक तशी टोपली धरून बसले, वर्षानुवर्षं, आणि दरवर्षी मासे कमी का होतात याचं आश्चर्य करत राहिले. एखादी चिवणी नळातून वर गेलीच, तर पुढे बंधारा होताच.

असं नाही, की कोणाला कळत नव्हतं. सगळ्यांना कळत होतं. पण बंधारा नको म्हणणं म्हणजे हैबतराव नको म्हणणं, आणि लग्नाला मांडव, मयताला लाकडं, कचेरीत ओळख, सगळं त्यांच्याकडून यायचं. म्हणून माणसं नदीबद्दल घरात बोलायची आणि ओट्यावर गप्प बसायची. गोदूबाई तेवढी ओट्यावर बोलायची.

"तुझ्या धरनात म्हशी पोहायला शिकल्या रं, हैबत," ती भर बाजारात म्हणायची. "मानसांना पानी कवा मिलंल?"

हैबतराव हसण्यावारी न्यायचे. बहीण आहे, डोकं जरा तसंच आहे, असं लोकांना सांगायचे.

तिला सोबत मिळाली ती एलिजाची. एलिजाच्या आजाचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद असे, म्हणून त्या ज्यू घराला गाव अजून शनवार तेली म्हणे. त्यांच्यातली बाकीची घरं केव्हाच इस्रायलला गेली होती. एलिजाचा मुलगा आरोन तिकडेच होता, आणि या म्हाताऱ्याने बायको रेचलला घेऊन यावं म्हणून मागे लागला होता. जाण्याआधी जमीन कोणाला तरी द्यावी, तर जमिनीचा चांगला तुकडा नेमका बंधाऱ्याच्या काठचा, गाळाने दलदल झालेला. बंधाऱ्याचं एक टोक त्याच्याच जमिनीत रुतवलेलं होतं. बांधताना त्याला विचारलं नव्हतं. तेव्हा तो काही बोलला नव्हता, कारण एकच घर उरलेल्या माणसाने फार बोलू नये असं त्याला वाटे.

चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात दोघं एसटीने पेणला गेली. तिथल्या पाटबंधाऱ्याच्या कचेरीत मृणाली नावाची तरुण इंजिनीअर होती. तिने दोघांना बसवलं, पाणी दिलं, आणि स्पष्ट सांगितलं.

"तो बंधारा मी पाहिलाय. काही उपयोगाचा नाही. पण खात्याने तो केव्हाच पंचायतीच्या गळ्यात घातलाय. आम्ही हात लावू शकत नाही."

"पंचायत म्हनते तो सरकारचा हाय," गोदूबाई म्हणाली.

"ते तसं म्हणणारच."

"म्हंजे बांधला तवा सगल्यांचा होता. आता कोनाचाच नाय?"

एलिजाने चष्मा पुसला आणि विचारलं, "माझ्या जमिनीत दगड आहेत, ते मी काढले तर मला कोण अडवेल?"

"लेखी परवानगी मी देऊ शकत नाही," ती म्हणाली. "पण अडवायला तरी कोण येणार?"

वैशाखात, नदी कोरडी असताना, काम सुरू झालं. एलिजाने पहार आणली. गोदूबाईने खालच्या आळीतल्या बायकांना आणलं, आणि बायका रोजची हंड्यांची वाट आठवून आल्या. पुरुष दोन दिवस लांबून बघत राहिले. कोणाची बाजू जड होते ते कळेपर्यंत पुढे यायचं नाही, ही त्यांची जुनी सवय. हैबतरावांना बातमी लागली तसे ते छत्री उघडून आले आणि बंधाऱ्यावर, पाटीशेजारी, मांडी घालून बसले.

"माझ्या अंगावरून दगड न्या," ते म्हणाले.

"मना नको तुझ्या अंगाखालचे," गोदूबाई म्हणाली. "मी या टोकाचे काढते. तू बस."

बायका हसल्या. हैबतराव बसून राहिले. ऊन चढलं, दगड तापले. चार माणसं त्यांच्या बाजूने म्हणून आली होती, ती एकेक करून सावलीला गेली. जेवणवेळ झाली तसे हैबतरावही उठले. जेवले, आणि जेवल्यावर थोडं आडवं व्हायची त्यांची सवय होती, ती त्यांनी त्या दिवशीही मोडली नाही. उन्हं कलल्यावर परत आले, तेव्हा एलिजाच्या बाजूचं टोक ढासळून मोठं खिंडार पडलं होतं, आणि आतापर्यंत लांबून बघणारे पुरुष उत्साहाने पहारी मारत होते. बाजू कोणती जड आहे ते कळलं होतं. हैबतरावांनी छत्री मिटली आणि ते घरी गेले. आठवडाभरात निम्मा बंधारा उतरला. दगड लोकांनी घरांच्या जोत्यांसाठी नेले. मोडायला जे आले नव्हते, तेही न्यायला आले.

एलिजा आणि रेचल त्याच महिन्यात गेली. जमीन त्याने खालच्या आळीतल्या एका कसणाऱ्याला दिली. निघताना तो गोदूबाईला एवढंच म्हणाला, "मासे चढले की कोणाकडून तरी कळव." ती त्याच्याकडे मान वर करून बघत होती. असं फार थोड्यांच्या वाट्याला आलं.

मासे चढले नाहीत. आषाढात मोठा पाऊस लागला, आणि वीस वर्षांचा गाळ खिंडारातून सुटून खाली आला. तो आला आणि मोरीच्या दोन नळांत बसला. नळ बुजले. पाण्याला वाट उरली नाही, तेव्हा ते भरावामागे तुंबलं, खालच्या आळीत घुसलं, घराघरांत गुडघाभर चिखल भरून गेलं, आणि शेवटी भराव फोडून रस्त्याचा तुकडा घेऊन खाडीला गेलं. माणूस गेलं नाही, हेच नशीब. पण धान्य भिजलं, कोंबड्या वाहून गेल्या, आणि गावाची एसटी बंद झाली.

गोदूबाईचं खोपट सगळ्यात खाली. त्यात तर उभं राहायला जागा नव्हती.

मग गावाने आपला रंग दाखवला. ज्यांनी पहारी मारल्या होत्या त्यांनी आपण तिथे नव्हतोच म्हणून सांगितलं. ज्यांच्या नव्या जोत्यात बंधाऱ्याचे दगड होते, ते त्याच जोत्यावर बसून गोदूबाईच्या नावाने बोटं मोडत होते. हैबतराव चिखलातून धोतर सावरत घरोघर फिरले. "माझा बंधारा असता तर," एवढंच म्हणायचे आणि वाक्य पुरं न करता सुस्कारा टाकायचे. वीस वर्षांत इतका आदर त्यांना मिळाला नव्हता. बायजा नावाची शेजारीण, जी बंधाऱ्यावर गोदूबाईच्या खांद्याला खांदा लावून होती, तिने तिच्याकडून मासे घेणं सोडलं. बाकीच्यांनीही सोडलं. गोदूबाई मोडक्या रस्त्याने मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायची आणि मिळेल त्या गाडीने रोह्याला जाऊन टोपली विकायची. परत आल्यावर दुसऱ्यांच्या घरातला चिखल उपसायची. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नको म्हटलं नाही. चिखल काढून घेतला आणि पाठ फिरल्यावर शिव्या दिल्या.

पाऊस ओसरल्यावर मृणाली रस्ता बघायला आली. तिची बदली बांधकाम खात्यात झाली होती, आणि हा रस्ता तिच्याकडे आला होता. तुटलेल्या भरावाच्या काठावर गोदूबाई तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"चुकले मी," ती म्हणाली. "आदी मोरी मोठी करायची, मंग बंधारा. मी उलटं केलं."

"मला ते तेव्हाच माहीत होतं," मृणाली म्हणाली. "कचेरीत तुम्ही आलात तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले असते तर माझ्याच अंगावर आलं असतं, म्हणून गप्प बसले."

गोदूबाईने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. अशी कबुली तिने गावात कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

"आता काय घालनार हितं?"

"मी स्लॅबची मोरी मागितलीय. रुंद, खालून नदीचा तळ तसाच मोकळा. मासाही जाईल, गाळही जाईल. पण वरून पुन्हा नळच मंजूर होतील. नळ स्वस्त पडतात."

"वर कोन हाय?"

मृणालीने सांगितलं. तिने ज्याचं नाव घेतलं, त्या पुढाऱ्याच्या ओट्यावर कोंडखारातला एकच माणूस बसत असे.

भावाच्या पडवीत गोदूबाई कित्येक वर्षांत चढली नव्हती. हैबतराव सुपारी कातरत होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं नाही, आणि तीही बसली नाही.

"मोरी मोठी पायजे," ती म्हणाली. "तुझ्या सांगन्याने होईल."

"आता बरी आठवण झाली भावाची."

"भावाची नाय झाली. वशिल्याची झाली."

हैबतरावांनी दुसरी सुपारी कातरायला घेतली. बहिणीला नाही म्हणायचा आनंद मोठा होता. पण गावाला मोरी मिळवून द्यायचा त्याहून मोठा. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्ही आनंद भांडत होते.

"नाव लागंल माझं," शेवटी ते म्हणाले. "संगमरवरी पाटी. आणि तू उद्घाटनाला येऊन बसशील. पुढल्या रांगेत."

"लाव नाव," गोदूबाई म्हणाली. "माशाला वाचता येत नाय."

हैबतराव पेणला गेले, पुन्हा गेले, आणि मुंबईलाही जाऊन आले. इतकी वर्षं नदीसाठी जे झालं नाही, ते एका पाटीसाठी झालं. दोन उन्हाळे गेले, पण रुंद स्लॅबची मोरी उभी राहिली, आणि खाली वेळकीचा तळ जसाचा तसा ठेवला गेला. मृणाली कामावर रोज उभी होती. ठेकेदाराने तळाला काँक्रीट ओतायला घेतलं, तेव्हा त्याला ओतलेलं काढायला लावलं.

उद्घाटनाला पुढारी आले. भाषणात त्यांनी सांगितलं, की हैबतरावांसारख्या दूरदृष्टीच्या माणसाने काळाची पावलं ओळखून स्वतःचा बंधारा स्वतःच्या हाताने दूर केला. टाळ्या वाजल्या. जे तिथे हजर होते आणि ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी जास्त वाजवल्या. हैबतरावांचे डोळे भरून आले. ते खरोखरचे भरून आले होते, कारण तोवर त्यांचाही त्यावर विश्वास बसला होता. गोदूबाई ठरल्याप्रमाणे पुढल्या रांगेत बसली, आणि भाषण चालू असताना मांडीवर घेतलेलं जाळं सांधत राहिली.

त्या आषाढात चिवण्या आल्या. मोरीखालून सरळ, एकही उडी न मारता, काळ्या पाठी पाण्यावर काढत वर गेल्या. बंधाऱ्याच्या खिंडारातून पुढे शेतांत शिरल्या. गोदूबाई काठावर उभी राहून बघत होती. तिने एकही धरली नाही. बायजा शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आल्या गो गोदू." गोदूबाईने तिच्याकडे पाहिलं नाही, पण ती तिथून हललीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लागलेलं होतं. सगळी नदी एका जाळ्यात. आत गाभोळीच्या चिवण्या थराने अडकल्या होत्या. काठावर अर्धं गाव टोपल्या घेऊन उभं, आणि जाळ्याचा दोर हैबतरावांच्या हातात.

गोदूबाई कोयता घेऊन पाण्यात उतरली.

"जाळं माझं हाय, बाय," हैबतराव म्हणाले. "मोरी पण माझी."

"व्हय. सगलं तुझंच."

तिने दोर कापला, मग जाळं मधोमध फाडत पलीकडच्या काठापर्यंत गेली. मासे सुटून वर निघाले. काठावरून ओरडा झाला. कोणीतरी दगड मारला, तो तिच्या पाठीत बसला. ती वळली नाही.

"अंडी घालून परत येतात," ती पाण्यातूनच म्हणाली. "मंग धरा की. येवढं पन थांबता येत नाय तुमाला?"

हैबतराव कापलेल्या दोराचं टोक हातात धरून उभे होते. दगड कोणी मारला ते त्यांनी विचारलं आणि जो तो शेजाऱ्याकडे बघू लागला, तेव्हा ते पहिल्यांदाच बहिणीच्या बाजूने बोलले.

"तिच्यावर दगड टाकायचा नाय," ते म्हणाले. "भांडन आमचं हाय."

चार दिवसांनी ग्रामसभेत, चिवण्या चढत असताना मोरीत जाळं लावायचं नाही, असं ठरलं. ठराव हैबतरावांनी मांडला, आणि तो आपल्याला फार आधीच सुचला होता असंही सांगून टाकलं. गावाने हात वर केले. हात वर करून झाल्यावर काही जणांनी वरच्या अंगाला, शेतांच्या तोंडाशी, आडोशाने जाळी लावली. पुढच्या दोन पावसांतही लावली. गोदूबाई तीही शोधून कापत फिरली. जाळ्यांचे मालक तिला शिव्या देत, आणि भाद्रपदात भरल्या टोपल्या घेऊन रोह्याच्या बाजारात तिच्याच शेजारी बसत.

खालच्या आळीच्या विहिरींचं पाणी नव्याण्णव सालच्या उन्हाळ्यात पिण्याजोगं झालं. मासे दरवर्षी चढतात याची खात्री झाल्यावर तिने रोह्यातल्या एका दुकानातून एलिजाला फोन लावला. आरोनने फोन घेतला, मग म्हातारा बोलला. लाईन खराब होती. मासे चढले, हे तिने ओरडून सांगितलं. त्याने विचारलं, गावातले लोक काय म्हणतात. दुकानात तेव्हा कोंडखारचे दोघं-तिघं उभे होते.

"लोक काय म्हननार," गोदूबाई म्हणाली. "लोक खातात."